नकाशावर ढग दिसू द्या

खरीप सुरू झाला की आपल्यापैकी बहुतेकांच्या पडद्यावर एकच काम असते. उपग्रह प्रतिमा उतरवून घ्यायच्या, ढग गाळायचे, एनडीव्हीआय काढायचा, पंधरवड्याचे कंपोझिट करायचे आणि तालुकावार हिरवा-पिवळा नकाशा पुढे धाडायचा. ढग गाळताना कोणत्या पिक्सेलवर किती विसंबावे हे आपल्याला नेमके ठाऊक असते. नकाशा छापताना मात्र तेच आपण टाकून देतो.

सेंटिनेल-२ च्या लेव्हल-२ए प्रतिमेसोबत वर्गीकरणाचा वेगळा थर येतो. त्यात प्रत्येक पिक्सेलला ० ते ११ पैकी एक क्रमांक असतो: ३ म्हणजे ढगाची सावली, ८ आणि ९ म्हणजे मध्यम व दाट शक्यतेचा ढग, १० म्हणजे विरळ सिरस. लँडसॅटमध्येही बिटांच्या रूपात अशीच नोंद असते. आपण या थराचा उपयोग फक्त 'ठेवा' किंवा 'काढा' एवढ्यापुरता करतो. पडलेली भोके मागच्या-पुढच्या तारखांवरून अंदाजाने भरतो आणि मग तीनदा निरभ्र दिसलेले शेत व एकदाही न दिसलेले शेत एकाच हिरव्या रंगात छापून येते. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी फेरी होते, म्हणजे पंधरवड्यात साधारण तीनच संधी. जुलैच्या कोकणात तिन्ही ढगात जाणे नेहमीचेच.

हा तपशील आता केवळ तांत्रिक राहिलेला नाही. २०२३ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत भाताच्या उत्पादनाचा अंदाज बांधताना तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान ३० टक्के भार दिला जाऊ लागला. आणि आपल्याकडे भात पिकतो तो कोकणात, मावळात, पूर्व विदर्भात. पावसाळ्यात जिथे आकाश सर्वांत कमी उघडते तिथेच. ज्या शेतकऱ्याच्या भरपाईचा हिशेब या पिक्सेलवर बेतणार, त्याचे शेत प्रत्यक्षात पाहिले गेले की नाही हे नकाशाने सांगितलेच पाहिजे.

दर्जाचा थरही निर्दोष नसतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. उपग्रह साडेदहाच्या सुमारास वरून जातो आणि डिसेंबरात तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, त्यामुळे कड्याची सावली खालच्या दरीत वायव्येकडे पसरते. काळोखी सावली आणि खोल पाणी दोन्हींचे परावर्तन कमी, म्हणून वर्गीकरणात त्यांची गल्लत होते. उलट औद्योगिक वसाहतीतली चकचकीत पत्र्याची शेड भर उन्हात ढग ठरू शकते. मास्क न दाखवता वापरला तर अशा चुका पकडणार कोण? स्थानिक माणूस नकाशा पाहून लगेच म्हणेल, "इथे तळे नाही हो." पण त्यासाठी तो थर त्याच्या नजरेस पडायला हवा.

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या एनसीजीआयए या संशोधन केंद्राने भौगोलिक माहितीचा दर्जा चित्ररूपात कसा मांडावा यावर स्वतंत्र उपक्रम हाती घेतला होता. तेव्हा पिक्सेलनिहाय दर्जाची माहिती मिळणेच दुरापास्त होते. आज ती प्रतिमेसोबत फुकट येते, तरी आपले नकाशे होते तिथेच आहेत.

मांडावे कसे, यावर आमचे मत स्पष्ट आहे. खात्री कमी तिथे रंग फिका करण्याची पद्धत लोकप्रिय असली तरी एनडीव्हीआयच्या नकाशावर ती घातक ठरते, कारण फिका हिरवा म्हणजे पीक कमजोर असेच वाचले जाते. खात्री घटत जाईल तसतशा शेजारच्या छटा एकमेकींत मिसळून टाकणाऱ्या रंगपट्ट्या २०१८ मध्ये पुढे आल्या. पडद्यावर त्या उत्तम चालतात. तालुक्याला पोहोचणारा नकाशा मात्र झेरॉक्स होतो, व्हॉट्सॲपवर दाबला जातो, आणि तिथे तिरप्या रेघाच टिकतात. म्हणून एकही निरभ्र निरीक्षण नसलेला भाग रेघांनी भरावा. शेजारी त्याच मापाचा छोटा नकाशा द्यावा आणि पंधरवड्यात प्रत्येक पिक्सेल किती वेळा निरभ्र दिसला ते त्यात ०, १, २, ३ अशा चार छटांत दाखवावे. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये प्रत्येक तारखेचा मास्क शून्य-एकमध्ये आणून बेरीज केली की ही संख्या हाती येते.

पुढील अंकापासून या मासिकात पीक, दुष्काळ वा पुराचा उपग्रहाधारित नकाशा असा निरीक्षणसंख्येचा नकाशा सोबत असेल तरच छापला जाईल. अंदाजाने भरलेले पिक्सेल एकूण क्षेत्राच्या किती टक्के आहेत, हेही लेखकांनी सूचीतच लिहावे.