मेंदूतली पाण्याची गाठ : रक्ताचा दोष नव्हे



मध्यंतरी बोर्ली पंचतनमधील आपल्या वस्तीतले एक गृहस्थ ऐन जेवणवेळी घरी आले. हातात फिल्मचा मोठा लिफाफा. मुलगी मोटारसायकलवरून पडली म्हणून मुंबईला नेऊन डोक्याचा सीटी स्कॅन केला होता. आत मार नव्हता, पण रिपोर्टात 'ॲरॅक्नॉइड सिस्ट' असे शब्द होते. तेवढ्यावरून घरात रडारड आणि ठरत आलेली सोयरीक अडलेली. "दादा, ही कॅन्सरची गाठ तर नाही? आणि उद्या तिच्या मुलाबाळांना झाली तर?" मी डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेला कारकून आहे. त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो आणि नीट समजून घेतले. ते सर्वांच्या उपयोगाचे म्हणून येथे देत आहे.

सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी. मेंदूवर तीन आवरणे असतात, त्यांतील मधल्या जाळीदार आवरणाला ॲरॅक्नॉइड म्हणतात. मेंदूभोवती खेळणारे स्वच्छ पाणी त्या आवरणात एका जागी साठले की अशी पिशवी होते. ती कॅन्सर नव्हे. बहुतेकांना ती जन्मापासूनच असते आणि पुष्कळांना आयुष्यभर काहीच त्रास देत नाही. माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन १९७१ साली लंडनमध्ये झाला. त्याआधी लोक अशी पिशवी घेऊन जगत आणि कुणाला पत्ताही नसे. आता यंत्राला दिसते, म्हणून आपल्याला कळते.

मात्र गाफील राहू नये. वाढत जाणारी डोकेदुखी व उलट्या, अंधुक दिसणे, फिट येणे, चालताना तोल जाणे, तान्ह्या बाळाचे डोके भराभर वाढणे, ही लक्षणे दिसली तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे. 'कोलॉइड सिस्ट' नावाची दुसरी गाठ क्वचित आढळते. ती मेंदूतील पाण्याची वाट अडवू शकते, तेव्हा तिथे उशीर नको.

आता आनुवंशिकतेचे. ॲरॅक्नॉइड सिस्ट सहसा आईबापांकडून येत नाही. एकाच घरात दोघांना आढळल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत. मूत्रपिंडात अनेक गाठी होण्याचा एक आजार मात्र घराण्यात चालतो आणि त्या रुग्णांपैकी काहींच्या मेंदूतही अशा पिशव्या सापडतात. घरात तो आजार असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

एक गाठ मात्र घरात पसरते, पण रक्तातून नव्हे, हातातून. पोटात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतील अंडी न धुतलेल्या हातांनी, पाण्यातून किंवा कच्च्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथून अळ्या मेंदूत पोचून गाठी धरतात आणि फिट येऊ लागतात. लोक म्हणतात, हा डुक्कर खाणाऱ्यांचा आजार. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून पोटात कृमी होतो हे खरे, पण मेंदूत गाठ होते ती अंड्यांमुळे. म्हणून ती शाकाहारी माणसालाही होते. न्यूयॉर्कमध्ये डुकराचे मांस धर्माने वर्ज्य असलेल्या ज्यू समाजातील चौघांना ती झाल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा खाण्यावरून कुणी हिणवले तर खाली मान घालू नका. मांस पूर्ण शिजवा, शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवा. घरात एकाला ही गाठ निघाली तर सर्वांची शौच तपासणी करून घ्या.

खर्चाची धास्ती घेऊन घरी बसू नका. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने जी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगडही होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. मेंदूच्या शस्त्रक्रिया तीत आहेत. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या तपासणीत तुलनेला लागतात.

त्या मुलीला औषध नको, फक्त पुन्हा एकदा तपासणी, असे डॉक्टरांनी सांगितले. मुलाकडच्यांनाही आम्ही त्यांच्यासमोर बसवले. सोयरीक होईल न होईल, तो दोन्ही घरांचा प्रश्न. पण एका कागदावरून मुलीला दोषी ठरवू नका, आणि अंगारेधुपारे तर मुळीच करू नका. न कळलेला शब्द डॉक्टरांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

जय भीम!