निरोग्यांच्या प्रिस्क्रिप्शनवरची कॅप्सूल

हेल्थ चेकअपचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेला पेशंट उठता उठता विचारतो, "डॉक्टर, पोटातले चांगले बॅक्टेरिया वाढवायला काही देता का?" आणि आपण महिन्याभराच्या प्रोबायोटिक कॅप्सूल लिहून देतो. अपाय तर नाही ना, एवढ्यावर आपले समाधान होते.

बॅक्टेरिया खरोखर वाढतात का? कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी प्रौढांवरच्या सात रँडमाइज्ड चाचण्यांचा आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध केला. प्लासिबोच्या तुलनेत विष्ठेतील जीवाणूंची विविधता एकाही चाचणीत वाढली नव्हती. त्यात नवल नाही. भरल्या आतड्यात बाहेरच्याला सहज जागा मिळत नाही. बहुतेक स्ट्रेन कोर्स चालू असेपर्यंत विष्ठेत सापडतात आणि थांबला की नाहीसे होतात.

2018 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या गटाने विष्ठेवर न थांबता एंडोस्कोपीने थेट आतड्यातले नमुने घेतले. तेच अकरा स्ट्रेन काहींच्या आतड्यात रुजले, काहींनी ते थारा न देता बाहेर काढले. याच गटाचा दुसरा निष्कर्ष आपल्याला जास्त बोचायला हवा: अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांचे मूळचे जीवाणू, काहीच न घेतलेल्यांपेक्षा उशिरा परतले. अभ्यास लहान आहे, त्यावरून कोणी बंदीची भाषा करू नये. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला, विशेषतः मुलांमध्ये, काही स्ट्रेन उपयोगी पडतात याला चांगला पुरावा आहे. पण जुलाब टाळणे वेगळे आणि विविधता परत आणणे वेगळे. आपण दोन्हींसाठी एकाच सवयीने तीच ओळ खरडतो. तीही बहुधा नुसते ब्रँडचे नाव लिहून. कोणता स्ट्रेन, किती सीएफयू, किती दिवस, हे एमआरने ठेवलेल्या कार्डावर असते, आपल्या केसपेपरवर नसते.

विविधताच हवी असेल तर स्टॅनफर्डचा 2021 चा अभ्यास ताटाकडे बोट दाखवतो. 36 निरोगी प्रौढांपैकी ज्यांना दहा आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ दिले, त्यांच्यात ती वाढली. भरपूर फायबर खाणाऱ्या गटात एवढ्या काळात वाढली नाही. हाही अभ्यास छोटाच, आणि त्यातले किमची-केफिर म्हणजे आपले ताक नव्हे. तरीही निरोगी पेशंटला कॅप्सूलऐवजी घरचे दही सुचवायला माझी हरकत नाही, फक्त त्याला औषध म्हणू नये.

राहिला 'अपाय तर नाही' हा मुद्दा. सेंट्रल लाइन असलेल्या रुग्णांमध्ये सॅकरोमायसिस बोलार्डी हे प्रोबायोटिक यीस्ट रक्तात उतरून फंजीमिया झाल्याची नोंद आहे. म्हणून अशा रुग्णाला ते द्यायचे नाहीच, शिवाय शेजारच्या रुग्णासाठीचे सॅशेही त्याच्या खाटेजवळ फोडायचे नसते. वॉर्डातल्या सिस्टरना हे आजच सांगून ठेवावे.