थडग्यावरचं नाव आणि गव्हाचं पोतं

जानेफळला चार पोरं जमली की हल्ली आमच्याच तोंडून ऐकू येतं, "ते गव्हाच्या पोत्यापायी ख्रिस्ती झाले." मनुवाद्यांचं हे वाक्य निळा गमछा घालून आमच्यात कधी शिरलं, कळलंच नाही.

धर्म लोकांत कसा रुजला हे थडग्यांचे दगड सांगतात. आयर्लंडात क्लोनमॅकनॉइझच्या मठात आठव्या ते बाराव्या शतकातले शेकडो कोरीव दगड आहेत. क्रूस, मेलेल्याचं नाव आणि 'याच्यासाठी प्रार्थना करा' एवढीच विनंती, तीही बहुतेक लोकांच्या आयरिश भाषेत. तिथे कुणी पोती मोजत नाही.

त्याच सुमारास आपल्याकडे वीरगळ उभे राहत होते. गाईंसाठी लढून पडलेला वीर, त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंग. आणि महाराला काय? गावातल्या प्रत्येक मयताची वर्दी त्याने पोचवायची, सरणाची लाकडं त्याने वाहायची. त्याच्या स्वतःच्या मयतावर दगड कुठला? कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' लावलेली नावं कोरली गेली ती कंपनी सरकारने.

नारायण शेषाद्री हे १८४३ साली ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. त्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, तिथे आले ते मुख्यतः मांग आणि महार. पोटात भूक होती, आम्ही नाकारत नाही. पण भुकेल्याला मान नको असतो, हे कुणी ठरवलं? ख्रिस्ती माणसाच्या कबरीवर क्रूस लागतो, नाव लागतं. ज्याला गावाने नावाने कधी हाकच मारली नाही, त्याला याची किंमत विचारा.

चर्चने जात मोडली, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांनी हा जाब मिशनऱ्यांना तेव्हाच विचारला होता. तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत तर दलितांना वेगळं ठेवणारी भिंतच घातली. म्हणजे दलित ख्रिस्ती दोन्हीकडून मार खातो, आणि तिसरा मार सरकारचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातलं तिसरं कलम त्याला अनुसूचित जातीत बसू देत नाही. शिखांना १९५६ साली घेतलं, आम्हा बौद्धांना १९९० साली. मधली चौतीस वर्षं केंद्राच्या सवलतींसाठी आमच्या बापजाद्यांनी काय सोसलं, ते घरी विचारा. तेव्हा आम्हालाही म्हणत होते, "धर्म बदलला, आता जात कसली?" तेच वाक्य आज आम्ही दुसऱ्याला ऐकवायचं?

ऑक्टोबर २०२२ मध्ये याच प्रश्नावर न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. आरक्षणात वाटेकरी वाढतील ही भीती आम्हालाही कळते. त्यावर कोटा वाढवून मागा, भावाला दाराबाहेर उभं करू नका. तिसरं कलम रद्द करा, या मागणीचं निवेदन मेहकरच्या तहसीलवर ख्रिस्ती बांधवांसोबत, एकाच कागदावर सह्या करून द्यायचं आहे. पोत्याची गोष्ट सांगणाऱ्यांनीही यावं.