सातबाऱ्यावर नसलेली थडगी

परवा जेवणाच्या सुट्टीत एकाने विचारलं, "गोंदिया म्हणजे छत्तीसगडमध्ये ना?" त्याची आता सवय झालीय. पण पुढे म्हणतो, "तिकडे इतिहास असा काही नाहीच, नाही का? किल्ले वगैरे?"

म्हणजे किल्ला नाही तर इतिहास नाही. इथेच आमचं बिनसतं.

गोंदियाहून नागपूर गाठा आणि काटोल रस्त्याने जुनापाण्याला जा. माळावर काळ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळं आहेत. ही थडगी आहेत, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची, लोहयुगातली. मोठे गोटे गोलाकार मांडायचे आणि आत माती-दगडांची भर घालायची. खाली अस्थी, मडकी, लोखंडी कुऱ्हाडी. १९व्या शतकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती खणली. पुढे शां. भा. देव यांनी १९७०-७२ मध्ये माहुरझरीला उत्खनन केलं, तिथे माणसांबरोबर पुरलेले घोडे निघाले, तांब्याच्या पत्र्याच्या साजासकट! नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. आणि हे नागपूरपुरतंच नाही. चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरला उभ्या शिळांवर प्रचंड आडवी शिळा ठेवलेली आहे. आपण मात्र स्टोनहेंजसमोरचे फोटो टाकतो. असो.

आता मुद्द्याचं. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीने. छान. पण हे फक्त यादीतल्या स्मारकांना! जुनापाणी यादीत आहे. यादीत नसलेलं वर्तुळ मात्र सरकारी कागदावर नुसती जमीन असते. सातबाऱ्यावर विहीर दिसते, झाड दिसतं, बँकेचा बोजा दिसतो. तीन हजार वर्षांचं थडगं दिसत नाही. मग जेसीबीवाल्याने त्याची खडी केली तर त्याला दोष कसा द्यायचा?

"लोकांना पोटाची पडलीय, तुम्ही दगड कसले धरून बसलात?" हे उत्तर ठरलेलं असतं. अहो, कोणाची जमीन काढून घ्या असं म्हणतंय कोण? नोंद करा म्हणतोय. तलाठी आणि गावातलं एक जाणतं माणूस शिवारात फिरले, मोबाईलने फोटो आणि जीपीएस घेतलं, इतर हक्कांच्या रकान्यात एक ओळ टाकली, की झालं. रस्त्याचं किंवा खाणीचं काम काढण्याआधी तेवढी ओळ वाचायची आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं. याला कितीसा खर्च येतो?

आणि घाई का, तेही सांगतो. थडग्यातली कुऱ्हाड म्युझियममध्ये ठेवता येते. पण ती अस्थींच्या कोणत्या बाजूला होती, कोणत्या थरात होती, शेजारी काय होतं, ही माहिती मातीतच असते. एकदा उपसलं की गेलं. आमच्या धंद्यात सर्व्हर बसला तर बॅकअप तरी असतो.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली इथे हे काम रस्ते चौपदरी व्हायच्या आधी व्हायला हवं. नंतर "तिकडे इतिहासच नाही" हे वाक्य खरं ठरेल, आणि ते आपणच खरं केलेलं असेल.