खिदमत आणि मजुरी

१३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने मास्क जीवनावश्यक वस्तूंत घातले. एप्रिलमध्ये घरी शिवलेले कापडी मास्कही वापरा, असे सांगितले. महाराष्ट्रात ‘उमेद’ आणि ‘माविम’च्या बचत गटांतील महिलांनी लाखो मास्क शिवले. त्यातून त्यांना चार पैसेही मिळाले, कारण गट होता, बँकेत खाते होते.

सानगडीसारख्या गावांत आमच्या अनेक घरांत शिलाई मशीन आहे. गटात नाव मात्र थोड्याच भगिनींचे. त्यांचे शिवण सवाबच्या खात्यात जाते, कागदावर येत नाही. खिदमत मोठीच गोष्ट आहे. पण खिदमत कोणती आणि मजुरी कोणती, हे शिवणारीने ठरवावे. घरच्यांनी किंवा जमातीने नाही. मजुराची मजुरी तत्काळ द्या, ही पैगंबरांची (स.) शिकवण घरातल्या मशीनलाही लागू आहे.

साथ संपली, पण शाळेचे गणवेश दरवर्षी लागतात. २०२४-२५ मध्ये ते शिवण्याचे काम शासनाने बचत गटांना दिले होते. नंतर गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. समिती गावातलीच असते. दहा-बारा जणींनी गट करावा, खाते उघडावे आणि समितीला दर विचारावा. मग सवाबसाठी मोफत काय शिवायचे, ते त्या स्वतः ठरवतील.