पॅसिफ्लोराचे थेंब आणि नाइट शिफ्ट



चाकण, भोसरी, तळवड्याच्या अनेक कंपन्यांत पाळ्या बदलत राहतात. नाइट करून आलेल्या माणसाला पत्र्याच्या घरात दुपारी झोप लागत नाही. मग कोणीतरी 'पॅसिफ्लोरा'चे थेंब सुचवतो. "झाडपाल्याचं आहे, अपाय नाही," असे सांगतो. प्रेस मशीनवर उभे राहणाऱ्यासाठी हा सल्ला धोक्याचा आहे.

पॅसिफ्लोरा म्हणजे आपल्या कुंपणावरच्या कृष्णकमळाच्या कुळातली वेल. पॅशन फ्रूटही त्याच कुळातले. पिकलेल्या फळाचा गर खुशाल खा, त्यात तंतू आणि क जीवनसत्त्व असते. रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असेल तर मात्र जपून खा. या कुळातल्या वेलींच्या कच्च्या फळांत आणि पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असू शकतात. म्हणून मुलांना कच्ची फळे खाऊ देऊ नका आणि पानांचा काढा घरी करू नका.

थेंबांनी झोपेला थोडी मदत होते, असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. पण त्यांनी गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते, हातापायांचा ताळमेळही बिघडू शकतो. झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील, दारू घेतली असेल, तर गुंगी आणखी वाढते. गरोदर बाईने हे थेंब घेऊच नयेत. ऑपरेशन ठरले असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. शिवाय 'मदर टिंक्चर'च्या बाटलीत अल्कोहोल असते. पाचवे शील पाळणाऱ्या घरांनी बाटलीवरचे लेबल वाचावे.

माझे म्हणणे सरळ आहे. झोप न लागणे हा कामगाराचा दोष नाही, तो पाळीचा आणि ओव्हरटाइमचा परिणाम आहे. बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य असताना कामाच्या तासांसाठी झटले. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. हे तास माणसाला विश्रांती मिळावी म्हणून कमी झाले. आज आपण ती विश्रांती बाटलीत शोधतो आहोत.

नाइटहून आल्यावर खिडकीला जाड कापड लावा, पाळीच्या शेवटच्या तासांत चहा टाळा, घरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी ठेवावा. दोन-तीन आठवडे झोप नसेल तर ईएसआय कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. ठेकेदाराने कार्ड दिले नसेल तर ते मागा. आणि पाळ्या कशा लावतात, हा विषय युनियनच्या बैठकीत व विहारातल्या सभेत काढा.