अनुदानाचा प्रस्ताव आणि आपली भाषा

काही वर्षांपूर्वी आपल्या मुलींच्या वसतिगृहासाठी अनुदान मागणारा एक प्रस्ताव मी लिहिला होता. ‘समाजातील दीनदुबळ्या, उपेक्षित बालिकांच्या अंधारमय जीवनात’ अशी त्याची सुरुवात होती. शुद्धलेखन तपासण्यासाठी मी तो दहावीतील एका विद्यार्थिनीकडे दिला. तिने दोन-तीन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि विचारले, “सर, या बालिका म्हणजे आम्हीच का?” मला उत्तर देता आले नाही. प्रस्ताव तसाच गेला आणि नामंजूर झाला. आज वाटते, योग्यच झाले. चार पानांत मुलींची संख्या एकदाच आली होती, आणि तीही मागील वर्षाची.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती. 12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी केलेले भाषण माझ्या कपाटातच होते. त्यात करुणेची भाकणूक नाही. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारी करातून त्याच जनतेकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हेही त्यांनी सांगितले. लोकांचा पैसा निदान लोकांच्या शिक्षणासाठी परत द्या, हा त्यातील युक्तिवाद. मागणारा येथे हिशेब घेऊन उभा आहे.

29 ऑक्टोबर 1942 रोजी व्हाइसरॉयांना सादर केलेल्या निवेदनातही तीच रीत दिसते. बनारस आणि अलीगढ येथील विद्यापीठांना केंद्र सरकार अनुदान देते, मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी तशी तरतूद का नसावी, असा त्यांचा प्रश्न होता. तुलना समोर ठेवल्यावर नकार देणाऱ्यालाच कारण शोधावे लागते. 1944 मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी अनेकजण तिच्याच आधारावर पदवीधर झाले, मीही त्यांतलाच.

आज देणारे बदलले आहेत. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. तेव्हा तेथेही आपण उपकार मागायला जात नाही. मात्र त्यांना लेखापरीक्षित ताळेबंद हवा असतो, बाबनिहाय अंदाजपत्रक हवे असते, आणि अनुदान संपल्यावर काम कसे चालेल याचे उत्तर हवे असते. एका मुलीच्या एका दिवसाच्या भोजनाचा खर्च किती, हे आपल्याला तोंडपाठ असले पाहिजे. आणखी एक अडचण सांगतो. इमारतीसाठी देणगी मिळते, कारण तिच्यावर नावाची पाटी लागते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या पगाराला पाटी लावता येत नाही, म्हणून ती बाब आपणच संकोचाने गाळतो. ती पहिल्या पानावर असावी, असे माझे मत आहे. मावशी नसतील तर त्या इमारतीत राहील कोण?

दयेच्या भाषेने कधीकधी पैसे मिळतातही, हे मी नाकारत नाही. पण तो कागद कार्यालयात राहतो, मुले तो वाचतात आणि स्वतःविषयीचे ते शब्द खरे मानू लागतात.

नव्या प्रस्तावाचे काम सध्या सुरू आहे. त्यातील एक रकाना मात्र रिकामा आहे: येथून बाहेर पडलेल्या मुलामुलींचे पुढे काय झाले? शाळेने ही नोंद कधी ठेवलीच नाही, आणि त्या दुर्लक्षात माझाही वाटा आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपले दहावीचे वर्ष, पुढील शिक्षण आणि सध्याचा व्यवसाय कार्यालयात नोंदवावा. शेती करीत असाल, रिक्षा चालवीत असाल, शिक्षण अर्धवट सुटले असेल, तरीही नोंदवावे. गळतीचा आकडासुद्धा आपल्याला खराच द्यायचा आहे.